नाकापेक्षा शेपटी बघ

तुझ्या छोट्या पाणबुडीचं स्केच बघितलं. नाक विमानासारखं टोकदार केलंयस, ते आधी बोथट गोल कर. पाण्याखाली त्याने काही बिघडत नाही, उलट आत जागा मिळते. खरा घोळ शेपटीत असतो. ती एकदम निमुळती केलीस तर प्रवाह कवचाला सोडतो, मागे भोवरे होतात आणि ओढ, म्हणजे पाण्याचा अडथळा, वाढते. शिवाय प्रोपेलरला खळबळलेलं पाणी मिळतं. म्हणून सावकाश निमुळती कर.

मधला भाग सरळ नळकांडंच ठेव की. शेतीच्या दुकानात मिळतो तो १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घे, लांबी साधारण १ मीटर. लांबी-व्यासाचं प्रमाण ६ च्या आसपास येतं, ते चांगलं. अश्रूच्या थेंबाचा आकार ओढीला थोडा सरस, पण तो करून देणारा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शोधत बसशील आणि बॅटरी तिरकी बसवावी लागेल ते वेगळंच.

झाकणांकडे दुर्लक्ष नको. १० मीटर खोलीवर एका झाकणावर सुमारे २०० किलोचा भार येतो. ओ-रिंगची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची, खाच लेथवर नीट कापून घे. माझी पहिली नळी घाईच्या खाचेपायीच भरली.

वजन खाली, फोम वर, म्हणजे नळी लोळणार नाही. हिडकल धरणाच्या गोड्या पाण्यात तरंगण्या-बुडण्याचा तोल जमवून तशीच कारवारला नेलीस, तर समुद्रात ती वर येईल. २० लिटरच्या कवचाला तिथे अर्धा किलो शिसं जास्त लागतं.