घरातलं चव्हाट्यावर येईल का?

"मॅडम, चित्र काढताना काही वाटत नाही. ते भिंतीवर लागणार म्हटलं की पोटात गोळा येतो." बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या कलाशिक्षकांच्या आणि हौशी चित्रकारांच्या तोंडून हे मी पुष्कळदा ऐकलंय. त्यांच्यातल्याच एकीची ही हकिकत. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडगावच्या विणकर घरातली मुलगी, शाळेत चित्रकला शिकवते. वडिलांनी जन्मभर यंत्रमाग चालवला. ते गेल्यावर तिनं त्यांच्यावर नऊ लिनोकट केले, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून, शाई लावून कागदावर उमटवलेले ठसे. टिळकवाडीतल्या एका छोट्या दालनात ते मांडायचं ठरलं होतं, पण तारीख तिनं दोनदा पुढे ढकलली होती.

पहिल्या भेटीत तिनं रेखाटनाची वही पुढे केली. मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बाकी ११ पानं'. रोज एक पान काढायचा नेम, चुकला की दुसऱ्या दिवशी दोन. प्रदर्शन बाजूला ठेवून मी आधी हा हिशेबच हातात घेतला. जी वही उघडली की देणं आठवतं, ती कोण आनंदानं उघडेल? अकरा पानं तिला तिथल्या तिथं खोडायला लावली. नवा नेम लहान ठेवला. सकाळी दूध गॅसवर ठेवलं की ते वर येईपर्यंत, ओट्यापाशी उभ्या उभ्या, समोर असेल ते काढायचं. जमलं नाही त्या दिवशी नुसती तारीख घालून पान कोरं सोडायचं. महिन्याभरानं वहीत सांडशी होती, किसणी होती, आणि घरात उरलेला वडिलांचा एक धोटा. तो तिनं सहा वेळा काढला होता.

मग प्रदर्शनाकडे वळलो. "लोक काय म्हणतील," ती म्हणाली. कोण लोक, एकेकाचं नाव घे, म्हटलं. बराच वेळ ती बोटं मोजत बसली आणि शेवटी एकच नाव उरलं, आईचं.

एका ठशात वडिलांचा हात होता. मागात सापडून त्यांची करंगळी गेली होती, आणि त्या दिवसाबद्दल आई कधीच बोलत नसे. लिनोत हत्यारानं कोरून काढलेलं पांढरं राहतं, ठेवलेलं तेवढं काळं उमटतं. "काय ठेवायचं ते मीच ठरवलंय, तरी चोरी केल्यासारखं वाटतं," हे बोलताना तिचा आवाज कापला.

तारखा ढकलल्याचाही तिला अपराध वाटत होता. पण काथे कोलवित्झची गोष्ट तिनंच मला सांगितली. या जर्मन चित्रकर्तीचा धाकटा मुलगा १९१४ मध्ये आघाडीवर मारला गेला, आणि युद्धावरची लाकडी ठशांची मालिका तिच्या हातून पुरी झाली ती १९२० नंतर. सांगता सांगता ती थांबली. मीही काही बोलले नाही.

असा पेच असेल तर मी एकच काम देते. निमंत्रणपत्रिका छापायच्या आधी, ज्याची भीती वाटते त्याला चित्रं दाखवायची. समजावत बसायचं नाही, फक्त विचारायचं, 'यातलं कुठलं नको?' नकाराला खरोखर जागा नसेल, तर विचारूही नये.

तिनं नऊही ठसे जेवणानंतर सतरंजीवर मांडले. दवाखान्यातले दोन आईनं न बोलता उचलून बाजूला ठेवले. हाताच्या ठशापाशी मात्र ती खाली बसली आणि बोटानं कागद चाचपू लागली.

"बोट उजव्या हाताचं गेलेलं की गं. हे डावं कसं केलीस?"

ठसा उलटा उमटतो. शाळेत मुलांना हे शिकवणारी ती, बापाच्या हातापाशी विसरली होती. त्या रात्री प्रथमच आईनं तो दिवस सांगितला. त्यातलं काहीही मी इथं लिहिणार नाही.

तिनं ट्रेसिंग पेपरवर हात उलटा करून घेतला आणि नवा तुकडा उन्हात ठेवून मऊ केला. चार दिवस कोरून चमच्याच्या पाठीनं घासून दहा प्रती काढल्या. १/१० ही प्रत आईसाठी ठेवली.

प्रदर्शन सात ठशांचं झालं. हाताचा ठसा दारासमोर नको, आतल्या भिंतीला लाव, एवढंच आईनं सांगितलं होतं. तो आतल्या भिंतीलाच लागला.