पॅनेल टू पॅनेल कॉपी केली म्हणजे जमलंच असं नाही

प्रश्न: दादा, 'वॉचमेन' हे कॉमिक वाचून संपवलं आणि लगेच २००९ चा पिक्चर पाहिला. कितीतरी शॉट जसेच्या तसे पुस्तकातले आहेत, तरी मला काही वाटलंच नाही. मित्र म्हणतो उगाच नखरे करतोयस. खरंच का?

नखरे नाहीत रे. पिक्चर टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही, सुरुवातीच्या टायटल्स तर मी आजही परत परत बघतो. पण आता पुस्तक परत उघड आणि गोष्ट विसरून नुसती पानं चाळ. बहुतेक पानांवर तीन बाय तीन अशा नऊ चौकटी (पॅनेल), सगळ्या सारख्या मापाच्या, घड्याळाच्या टिकटिकीसारख्या एका लयीत. अकरा अंक चित्रकार डेव्ह गिबन्स तुला त्या लयीची सवय लावतो आणि बारावा अंक उघडला की सलग सहा पानं, प्रत्येक पानावर एकच मोठं चित्र, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर नुसता मृतांचा खच (ज्यांनी वाचलं नाहीये त्यांनी माफ करा, पण १९८७ साली संपलेल्या गोष्टीचा स्पॉयलर मी किती दिवस सांभाळू). तिथे पान उलटायला गेलेला हात अडतो, आणि किती वेळ अडायचं ते तू ठरवतोस. पिक्चरमध्ये ते दिग्दर्शक ठरवतो. झॅक स्नायडरने चौकटी उचलल्या पण दोन चौकटींच्या मधला वेळ काही त्याला उचलता आला नाही, मग काय, दर थोड्या वेळाने स्लो मोशन.

पाचवा अंक तर अजून अवघड, त्यात पानांची रचनाच आरशासारखी आहे, पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानात उलटी दिसते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्यात, असं करत बरोब्बर मधोमध येऊन मिळतं. हे कागदावरच होऊ शकतं. आणि गंमत म्हणजे पिक्चरने एवढी इमानदारी करून शेवट मात्र बदललाच, पुस्तकात न्यूयॉर्कमध्ये तो मृतांचा खच पाडणारा अजस्र प्राणी काढून टाकला आणि सगळं खापर डॉ. मॅनहॅटन या गोष्टीतल्याच निळ्या अतिमानवावर फोडलं.

२०१९ ची एचबीओची सिरीज बघ, नऊच भाग आहेत. तिने मूळ गोष्टीला हातच लावला नाही, पुस्तकात जे झालं ते झालं असं धरून पुढची गोष्ट सांगितली, आणि सुरुवात थेट १९२१ च्या, अमेरिकेतल्या टल्सा शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडापासून. पुस्तकातलं एक पान न दाखवता ती मला पिक्चरपेक्षा पुस्तकाच्या जास्त जवळची वाटते.

प्रश्न: ताईने 'इन्व्हिन्सिबल'ची सिरीज लावून दिली, आता कॉमिक वाचायचंय. ऑनलाइन कोणी म्हणतं ट्रेड (थोडे-थोडे अंक एकत्र बांधलेली पुस्तकं) घे, कोणी म्हणतं कॉम्पेंडियम (खूप अंकांचं एकच जाड पुस्तक) घे, डोकं फिरलंय. आणि सिरीजमध्ये क्रम बदललाय म्हणतात, मग वाचण्यात मजा उरते का?

उरते, उलट वाढते. कॉमिकमध्ये पहिले सहा अंक ही साधी सरळ, हसरी सुपरहिरो गोष्ट आहे, मुलाला शक्ती मिळते, बाप शिकवतो, आई जेवायला बोलावते, आणि मग सातव्या अंकात तोच बाप, ऑम्नी-मॅन, स्वतःच्याच बाजूच्या हिरोंना मारून टाकतो. अंक महिन्या-महिन्याने यायचे म्हणून वाचक तोवर निवांत झालेला असायचा. सिरीजवाल्यांना माहीत होतं की आजचा प्रेक्षक एका भागात कंटाळून निघून जाईल, म्हणून त्यांनी तो खून पहिल्याच भागाच्या शेवटी आणून ठेवला. आता पूर्ण सीझनभर आपल्याला माहितीये आणि मुलाला, मार्कला, माहीत नाही. आईचं, डेबीचं काम तर सिरीजनेच वाढवलं, रक्ताने माखलेला सूट तिला सापडतो आणि ती एकटीच सगळं जुळवत बसते, हे कॉमिकमध्ये असं नाहीये. याला मी चांगलं रूपांतर म्हणतो, आणि कॉमिकचा लेखक रॉबर्ट कर्कमन स्वतः सिरीज बनवणाऱ्यांमध्ये असल्यामुळे त्याला आपल्याच गोष्टीची मोडतोड करायला भीती वाटली नाही असं दिसतं.

आता घ्यायचं काय. एकूण १४४ अंक, २००३ ते २०१८. ट्रेडचे २५ भाग, कॉम्पेंडियम तीन. तू आधी पहिले तीन ट्रेड घे, त्यात बाप-लेकाचं प्रकरण पूर्ण होतं. आवडलं तर कॉम्पेंडियमकडे जा, पण ती हजार-हजार पानांची धुडं आहेत, पडून वाचशील तर तोंडावर पडतील. दुसरं म्हणजे एवढ्या जाड पुस्तकात दोन पानांवर पसरलेलं चित्र असलं की मधला भाग शिवणीत गायब होतो, आणि चित्रकार रायन ऑटलीच्या मारामाऱ्या नेमक्या तशाच पसरलेल्या असतात.

प्रश्न: 'द वॉकिंग डेड' हे झॉम्बींचं कॉमिक रंगीत आवृत्तीत वाचू की जुनं काळं-पांढरं?

काळं-पांढरं. २०२० पासून आलेल्या डिलक्स अंकांचा रंग वाईट नाही, डेव्ह मॅककेगने जपून केलाय, पण चित्रकार चार्ली अ‍ॅडलार्डची शाई आणि त्यावरच्या करड्या छटा मुळातच रंग नाही हे धरून केलेल्या आहेत, त्यावर रंग चढला की अंधार पातळ होतो. आणि हो, सिरीजमधला डॅरिल पुस्तकात शोधू नकोस, तो तिथे नाहीच.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा आहे. 'इन्व्हिन्सिबल' कार्टूनच आहे ना, लावून देऊ का?

अजिबात नको हो ताई! वरचं 'इन्व्हिन्सिबल'चं उत्तर वाचा. त्याला २०१८ चा 'स्पायडर-व्हर्स' हा स्पायडर-मॅनचा अ‍ॅनिमेशन पिक्चर दाखवा, त्यात छपाईचे ठिपके आणि विचारांच्या चौकटी पडद्यावर येतात तेव्हा पोरं हमखास विचारतात हे असं का दिसतंय. वाचायला जेफ स्मिथचं 'बोन' द्या, रंगीत आवृत्ती नऊ भागांची आहे, एकेक करून देता येईल. त्यावर नेटफ्लिक्स सिरीज करणार होतं, २०२२ मध्ये ते रद्द झालं, त्यामुळे "आधी बघू का आधी वाचू" हे भांडण तरी तुमच्या घरात होणार नाही.