'बंद करणे', 'बंद ठेवणे' आणि 'काढून टाकणे' : व्हर्च्युअल मशीनच्या बटणांची मराठी

प्रश्न असा आहे : क्लाउड सेवेच्या डॅशबोर्डवरून (नियंत्रणाच्या वेबपानावरून) व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सेवेच्या मोठ्या संगणकावर सॉफ्टवेअरने उभारलेले वेगळे संगणक (थोडक्यात व्हीएम), कशी हाताळावीत याची मराठी मार्गदर्शिका लिहिताना 'स्टॉप', 'शटडाउन', 'डीअलोकेट' आणि 'टर्मिनेट' या चारही क्रियांसाठी 'बंद करणे' हाच शब्द वापरला तर चालेल का? आणि ओघाने आलेला दुसरा प्रश्न : 'व्हर्च्युअल मशीन'ला 'आभासी यंत्र' म्हणावे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'चालणार नाही' असे आहे, आणि कारण केवळ भाषेच्या नीटसपणाचे नाही. टेबलावरचा संगणक बंद केला की तो टेबलावरच राहतो, म्हणून तिथे एक क्रियापद पुरते. व्हीएमचे तसे नसते. प्रोसेसर आणि मेमरीतला वाटा एका होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्यावर चालते त्या प्रत्यक्ष संगणकावर, असतो, डिस्क बहुधा वेगळ्या साठवण यंत्रणेत असते, सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरून तिच्यापर्यंत पोचण्याचा क्रमांक) तिसऱ्याच ठिकाणाहून मिळालेला असतो आणि या प्रत्येकाचे बिल स्वतंत्रपणे आकारले जाऊ शकते. डॅशबोर्डवरच्या मेन्यूतली प्रत्येक क्रिया यांपैकी काही ठेवते आणि काही सोडते. वाचकाला नेमके तेवढेच जाणून घ्यायचे असते, म्हणून काय राहते आणि काय जाते हे ज्यातून कळेल ते क्रियापद योग्य, अशी कसोटी मी लावतो.

मूळ इंग्रजी शब्दाला जुळणारा मराठी शब्द शोधावा, हा मार्ग इथे उपयोगी पडत नाही, कारण मूळ शब्दच एका अर्थाने वापरलेले नाहीत. अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ सेवेत 'टर्मिनेट' म्हणजे इन्स्टन्स (तिथे व्हीएमला हेच म्हणतात) कायमचा संपवणे. तो परत सुरू करता येत नाही, थोडा वेळ यादीत दिसतो आणि मग दिसेनासा होतो. गुगलच्या कंप्यूट इंजिनमध्ये मात्र 'टर्मिनेटेड' ही नुसत्या बंद असलेल्या व्हीएमची स्थिती आहे. तिची डिस्क शाबूत असते आणि ती केव्हाही पुन्हा सुरू करता येते. तिथे कायमचे काढायचे असेल तर 'डिलीट' वापरावे लागते. एका सेवेवर हात बसलेला माणूस दुसरीकडे गेला की एकतर विनाकारण घाबरतो, नाहीतर घाबरायला हवे तिथे घाबरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझूरमध्ये तर एकाच कंपनीच्या घरात एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. पोर्टलवरचे 'स्टॉप' बटण व्हीएम बंद करते आणि होस्टवरची जागाही सोडते, त्यामुळे प्रोसेसर-मेमरीचे बिल थांबते. अ‍ॅझूर सीएलआय या साधनात, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या कमांड लाइनवर, दिलेली 'स्टॉप' ही आज्ञा व्हीएम बंद करते पण जागा राखून ठेवते, त्यामुळे बिल चालूच राहते, आणि ते थांबवायचे तर 'डीअलोकेट' ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. व्हीएमच्या आत शिरून तिथल्या ऑपरेटिंग सिस्टमला शटडाउन करायला सांगितले, तरी अ‍ॅझूरमध्ये जागा राखीवच राहते. अशा वेळी 'स्टॉप = बंद करा' अशी शब्दकोशी जोडी लावून मोकळे होणारी मार्गदर्शिका वाचकाला बिल आल्यावरच खरा अर्थ कळवते.

आता 'बंद' या शब्दाकडे वळू. 'सर्व्हर बंद आहे' या वाक्यातून तो कोणी मुद्दाम बंद केला की आपोआप बंद झाला, हे कळत नाही. पण मराठीत हा फरक सांगण्याची सोय जुनीच आहे : सर्व्हर बंद पडला, बंद झाला, बंद केला, बंद ठेवला. 'पडला' म्हटले की बिघाड आला, 'केला' म्हटले की कोणाचा तरी हात आला, 'ठेवला' म्हटले की त्यामागे हेतू आणि पुढे पुन्हा सुरू करण्याची शक्यता आली. डॅशबोर्डवर सामान्य 'स्टॉप'ने जे घडते, म्हणजे मेमरीतले सगळे जाते, डिस्क राहते, नाव आणि ओळखक्रमांक राहतात, ते 'बंद ठेवणे' या शब्दांत नेमके उतरते. बटणावर 'बंद करा' लिहायला हरकत नाही, पण त्याचे स्पष्टीकरण 'व्हीएम बंद ठेवली जाईल. डिस्क तशीच राहील आणि डिस्कचे बिल चालू राहील' असे असावे.

'ठेवणे' आणि 'टाकणे' या दोन सहायक क्रियापदांनी मराठीत किती काम होते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. लिहून ठेवले, झाकून ठेवले, बाजूला काढून ठेवले, या सगळ्यांत गोष्ट पुढच्या उपयोगासाठी शिल्लक आहे. देऊन टाकले, पुसून टाकले, काढून टाकले यांत हिशेब मिटला आहे. 'काढून ठेवणे' आणि 'काढून टाकणे' यांत मुख्य क्रियापद एकच असूनही कोणाचा घोटाळा होत नाही. म्हणून कायमच्या 'टर्मिनेट'साठी किंवा 'डिलीट'साठी मी 'काढून टाका' सुचवेन. अनेक मराठी इंटरफेसमध्ये रुळलेला 'हटवा' हा शब्द चुकीचा नाही, परंतु हटवलेली वस्तू दुसरीकडे कुठेतरी असावी अशी छटा त्याला आहे. फाइल आधी कचरापेटीत जाते तिथे तो शोभतो, इथे कचरापेटी नसते. 'समाप्त करा' हा शब्द मात्र टाळावा. कार्यक्रम समाप्त होतो, मुदत समाप्त होते, पण समाप्तीत वस्तू नाहीशी होते असे मराठी कानाला वाटत नाही. डिजिटलओशन या क्लाउड सेवेने या बटणाला सरळ 'डिस्ट्रॉय' म्हटले आहे आणि ते मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण त्यांच्याकडे नुसत्या बंद ठेवलेल्या व्हीएमचेही पूर्ण बिल लागते आणि ते थांबवण्यासाठी ती काढूनच टाकावी लागते.

'डीअलोकेट'साठी 'निर्वाटप' किंवा 'विनावाटप' असे घडवलेले शब्द सुचवले जाऊ शकतात. ते दोन्ही नकोत. मराठीत 'वाटप' म्हणजे अनेकांना हिस्से देणे. जमिनीचे वाटप होते, कामाचे वाटप होते. इथे मुद्दा हिश्श्यांचा नसून राखून ठेवलेली जागा सोडण्याचा आहे, आणि त्यासाठी 'जागा सोडणे' किंवा 'जागा मोकळी करणे' हे साधे शब्द हाताशी आहेत. अ‍ॅझूरच्या डॅशबोर्डवर दिसणाऱ्या दोन स्थिती मराठीत 'बंद (जागा राखीव)' आणि 'बंद (जागा मोकळी)' अशा लिहिल्या, तर बिल कोणत्या स्थितीत लागत असेल हे न सांगता कळते. मोकळी झालेली जागा दुसऱ्या कोणाला दिली जाऊ शकते, त्यामुळे पुन्हा सुरू करताना त्या आकाराची जागा लगेच मिळेलच असे नाही, हेही 'मोकळी' या शब्दात आपसूक येते.

'सस्पेंड' आणि 'हायबरनेट' यांचा गट वेगळा आहे, कारण त्यांत मेमरीतला मजकूरही साठवला जातो. काम जिथे होते तिथूनच पुढे चालू होते. इथे 'थांबवून ठेवा' म्हणावे. थांबलेली गोष्ट तिथूनच पुढे निघते, बंद केलेली पहिल्यापासून सुरू होते, हा फरक मराठीत आधीपासून आहे, आणि म्हणूनच 'स्टॉप'ला 'थांबवा' म्हणण्याची सवय मला इथे अडचणीची वाटते. गाणे वाजवणाऱ्या अ‍ॅपमध्ये ती खपून जाते, व्हीएमच्या मेन्यूत 'थांबवा' आणि 'थांबवून ठेवा' शेजारी आले की गोंधळ ठरलेला. 'स्थगित करा' हेही चालेल, फक्त त्याला आदेशाचा आणि सभेचा वास आहे. गुगलकडे थांबवून ठेवलेली व्हीएम ६० दिवसांपर्यंतच त्या स्थितीत राहू शकते, नंतर ती आपोआप पूर्ण बंद होते. 'ठेवणे' या क्रियेला अशी मुदत असेल तर ती बटणाजवळच सांगितली पाहिजे.

ओपनस्टॅक या क्लाउड उभारण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये 'शेल्व्ह' नावाची आणखी एक क्रिया आहे. तिच्यात व्हीएम बंद होते, आवश्यक असेल तर तिच्या डिस्कची प्रत काढून ठेवली जाते, होस्टवरची जागा सोडली जाते आणि नाव, ओळखक्रमांक व जोडण्या मात्र कायम राहतात. याला मराठीत 'बासनात गुंडाळून ठेवणे' असा तयार वाक्प्रचार आहे, आणि तो अर्थाने अचूक आहे : प्रकरण रद्द झालेले नाही, कोणी हातातही घेतलेले नाही. बटणावर इतका लांब वाक्प्रचार मावणार नाही आणि त्यातली किंचित थट्टाही तिथे शोभणार नाही, म्हणून व्यवहारात 'बाजूला ठेवा' लिहावे. पण स्पष्टीकरणात एकदा 'बासन' येऊ द्यायला काय हरकत आहे?

सर्वांत फसवा शब्द मात्र वेगळाच निघतो, आणि तो म्हणजे 'पुन्हा सुरू करा'. बंद असलेली व्हीएम चालू करणे आणि चालू असलेली रीबूट करणे या दोन्हींना आपण तेच म्हणतो. शिवाय 'एकदा बंद करून चालू करा' हा संगणकाबाबतचा सार्वत्रिक सल्ला आपल्या जिभेवर असतो. घरच्या संगणकावर या दोन्हींत फारसा फरक पडत नाही. ईसी२मध्ये पडतो. रीबूट केल्यावर इन्स्टन्स त्याच होस्टवर राहतो आणि त्याचा सार्वजनिक पत्ताही तोच राहतो. 'स्टॉप' करून मग 'स्टार्ट' केले, तर तो बहुधा दुसऱ्या होस्टवर उठतो, आपोआप मिळालेला सार्वजनिक आयपी पत्ता बदलतो आणि होस्टला थेट जोडलेल्या तात्पुरत्या डिस्कवरचा मजकूर जातो. खासगी पत्ता तेवढा तोच राहतो. एखाद्या संकेतस्थळाचे नाव जुन्या सार्वजनिक पत्त्याकडे वळवलेले असेल, तर सर्व्हर उत्तम चालू असूनही संकेतस्थळ उघडत नाही. उलट, मूळ होस्टच्या हार्डवेअरमध्ये बिघाड असेल तेव्हा रीबूट कितीही वेळा केले तरी उपयोग होत नाही आणि बंद करून चालू करणे हाच उपाय ठरतो. म्हणून या दोन क्रियांसाठी 'चालू करा' आणि 'रीबूट करा' असे दोन स्वतंत्र शब्द ठेवावेत आणि 'पुन्हा सुरू करा' हा शब्दप्रयोग अशा मार्गदर्शिकेतून पूर्णपणे वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 'रीबूट'ला मराठी प्रतिशब्द नाही म्हणून संकोच वाटण्याचे कारण नाही. तो शब्द सगळ्यांना समजतो.

बटणापेक्षा त्यानंतर येणाऱ्या खात्रीच्या चौकटीत भाषेची खरी परीक्षा होते. 'तुम्हाला खात्री आहे का?' हे वाक्य तिथे निरुपयोगी आहे, कारण कशाची खात्री ते त्यात नाही. ईसी२मध्ये इन्स्टन्स टर्मिनेट केला की मूळ डिस्क सहसा त्याच्याबरोबर जाते, पण नंतर जोडलेल्या डिस्क सहसा राहतात. अशा वेळी चौकटीत काहीसे असे लिहिता येईल : 'ही व्हीएम कायमची काढून टाकली जाईल. मूळ डिस्कवरील माहिती परत मिळणार नाही. नंतर जोडलेल्या डिस्क राहतील आणि त्यांचे बिल चालू राहील.' तीन छोटी वाक्ये आहेत, प्रत्येकाला स्वतःचे क्रियापद आहे आणि एकातही 'बंद' नाही. चुकून टर्मिनेट होऊ नये म्हणून जी सोय असते तिला 'काढून टाकण्यापासून संरक्षण' म्हणावे. ती चालू असेल तेव्हा 'आधी संरक्षण काढा' एवढे सांगितले की पुरे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. 'आभासी' हा शब्द प्रकाशशास्त्रात चपखल बसतो, कारण आभासी प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही. व्हीएम मात्र खरी मेमरी खाते आणि खरी प्रोसेसरची वेळ वापरते. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ साली तिची जी व्याख्या केली, तिचा गाभा 'खऱ्या यंत्राची कार्यक्षम आणि इतरांपासून अलग असलेली हुबेहूब प्रत' असा आहे. त्या अर्थाने 'प्रतिरूप संगणक' हा शब्द अधिक नेमका झाला असता, पण आभासी वर्ग, आभासी चलन यांमुळे 'आभासी' आता इतका रुळला आहे की त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नये. 'यंत्र' या शब्दाऐवजी 'संगणक' घेतला तर वाचकाला लवकर कळते. तेव्हा पहिल्या उल्लेखात 'आभासी संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम' असे लिहावे आणि पुढे सर्वत्र 'व्हीएम' म्हणावे. 'डॅशबोर्ड'बाबत फार चर्चेची गरज नाही. कोणी त्याला कन्सोल म्हणते, कोणी पोर्टल. ज्या सेवेची मार्गदर्शिका असेल तिचाच शब्द ठेवावा, कारण वाचकाला पडद्यावर तोच दिसणार आहे.

राहिला लिंगवचनाचा मुद्दा, जो प्रश्नात नाही पण लिहायला बसल्यावर पहिल्याच परिच्छेदात आडवा येतो. 'मशीन' बहुतेक जण नपुंसकलिंगी वापरतात, तरी 'व्हीएम' बोलण्यात स्त्रीलिंगी झालेली आढळते, आणि 'सर्व्हर' व 'इन्स्टन्स' पुल्लिंगी. मी वर हेच पाळले आहे. 'व्हीएम'चे अनेकवचनही 'व्हीएम'च राहते, फक्त क्रियापद बदलते. त्यामुळे यादीतल्या पाच व्हीएम निवडून एकदम क्रिया केल्यावर दिसणारा संदेश 'निवडलेल्या ५ व्हीएम बंद ठेवल्या आहेत' असा असेल आणि एकच निवडली असेल तर 'निवडलेली व्हीएम बंद ठेवली आहे' असा. म्हणजे या संदेशाचे दोन साचे प्रोग्राममध्ये आधीच वेगळे करून ठेवावे लागतील, केवळ आकडा बदलून भागणार नाही.