"मॅनेजर होऊन परत कोड लिहायचा?"

हल्ली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बरेच जण येतात म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वय ४२, पुण्याला आयटीत इंजिनिअरिंग मॅनेजर, शनिवार-रविवार साताऱ्याला आईवडिलांकडे. पोवई नाक्याजवळ माझी खोली आहे, तिथं येऊन बसले आणि चहा यायच्या आधीच सुरू, "मॅडम, टीम आठाची सतरा केली आणि वर म्हणतायत निम्मा वेळ कोड लिहा. सहा वर्षं एक ओळ लिहिली नाही मी. काढायचीच तयारी ना ही?"

काही होत नाही हो, असं मी म्हटलं नाही. भीती खोटी नव्हती. मेटानं २०२३ मध्ये बऱ्याच मॅनेजरांना परत हातानं काम करायला लावलं, ॲमेझॉननं २०२४ मध्ये मॅनेजर कमी आणि काम करणारे जास्त असं प्रमाण १५ टक्क्यांनी तरी बदलायचं ठरवलं, त्यात आता एआय कोड लिहून देतंय. पण गूगलनं २००२ च्या सुमारास मॅनेजर काढून बघितले होते, तर लोक खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं घेऊन थेट कंपनीचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जायला लागले, काही महिन्यांतच तो प्रयोग गुंडाळला.

आठवडाभर काय काय केलं ते वहीत लिहून आणायला सांगितलं. निम्म्याहून जास्त वेळ इकडचं स्टेटस तिकडे सांगण्यात, ते खरंच जाणार, मी तसं तोंडावर सांगितलं. पण एका ओळीत होतं, राजीनामा टाइप करून बसलेल्या पोरीशी दीड तास बोललो. ही ओळ त्यांनी खोडली होती! म्हणे हे काय काम आहे का.

खरी गाठ तिसऱ्या भेटीत सुटली. नोकरीपेक्षा भीती वेगळीच, २५ वर्षांच्या पोराला "हे कसं करतात रे" विचारायची लाज. वडील एमआयडीसीत फोरमन होते, त्यांना विचारा म्हटलं, फोरमन झाल्यावर मशीनला हात लावायचात का.

पुढच्या शनिवारी आले ते हसतच. "बाबा म्हणाले, नाही लावला तर पोरं फसवतात." आणि पहिला कोड रिव्ह्यूला, म्हणजे टीममधल्यांनी तपासायला, टाकलेला, त्यावर त्या पोराच्या अकरा कॉमेंट. त्यातल्या चार अजून पटलेल्या नाहीत म्हणे.