‘मास्ट सेल’ म्हणजे स्तंभपेशी नव्हे

प्रश्न असा आला आहे: दम्यावरच्या एका मराठी टिपणात ‘मास्ट सेल’साठी (ॲलर्जीत मोठा वाटा असलेली शरीरातली एक पेशी) ‘स्तंभपेशी’ असा शब्द वाचला. या पेशीचा डोलकाठीशी काय संबंध?

काही संबंध नाही, आणि हा शब्द वापरू नये असं माझं ठाम मत आहे. जहाजाच्या डोलकाठीला इंग्रजीत ‘मास्ट’ म्हणतात, त्यावरून ही गफलत झालेली दिसते. पेशीच्या नावातला ‘मास्ट’ जर्मन आहे. जनावर धष्टपुष्ट व्हावं म्हणून त्याला खाऊ घालायचा खुराक, असा त्याचा अर्थ. आपण दुभत्या म्हशीपुढे आंबोण ठेवतो, तिथे डुकरांना ओक आणि बीचची फळं चारत.

पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली लाइपझिगला प्रबंध सादर केला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. ॲनिलीनचे रंग दिल्यावर काही पेशी त्याला कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या. आजही टोल्युइडीन ब्लू हा रंग लावला की आजूबाजूचं सगळं निळं होतं आणि या पेशीतले कण मात्र जांभळे उठून दिसतात. एर्लिखला वाटलं, ही तर खाऊनपिऊन पोसलेली पेशी! म्हणून ‘मास्टझेलन’.

तर्क चुकला, नाव टिकलं. ते कण म्हणजे अन्न नव्हे, हिस्टामिनसारख्या रसायनांचा साठा. ॲलर्जी असलेल्यांच्या मास्ट पेशींवर आयजीई नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) आधीपासून चिकटलेली असतात. धुळीतला एखादा कण शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम जोडतो आणि साठा बाहेर सांडतो. माझी आई माळा झाडायला चढली की पाच मिनिटांत शिंकांची माळ लागते, ती यामुळे. पण दिवेलागणीला तिची छाती भरून येते, सूं सूं आवाज येतो, तो दुसरा अंक. तोवर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी श्वासनलिकेत जमून दाह वाढवतात. (यांचं नावही एर्लिखचंच. इओसिन या रंगाच्या नावात इओस आहे, ग्रीकांची उषा.)

‘स्तंभपेशी’ने आणखी एक घोटाळा होतो: वाचकाला ती स्टेम सेल (जिच्यापासून इतर पेशी घडतात ती) वाटते, जिला मराठीत ‘मूलपेशी’ हा चांगला शब्द आहे. भाषांतर हवंच असेल तर ‘पुष्टपेशी’ अर्थाला धरून आहे. मी स्वतः ‘मास्ट पेशी’ लिहितो. आपल्या ‘मस्त’शी मात्र तिचं नातं जोडू नये, तो शब्द फारसीतून आला आहे.