विचारा की : डब्लिनची समिट लिस्बनला का गेली?

प्रश्न : माझा आतेभाऊ डब्लिनला शिकतो. तो म्हणतो, वेब समिट ही टेक्नॉलॉजीवाल्यांची मोठी परिषद मूळची आयर्लंडची, पोर्तुगालने पैसा ओतून पळवली. नुसत्या पैशासाठी कोण आपलं गाव सोडतं का?
– इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : सोडतात की. पण तुझा आतेभाऊ अर्धंच सांगतोय. उरलेलं अर्धं लॉजच्या काउंटरमागं बसलेल्या माणसाला जास्त कळतं, आणि मी तिथं एकवीस वर्षं काढलीत, इथंच बेळगावात.

ही परिषद २०१० साली डब्लिनमध्ये चारएकशे लोकांवर सुरू झाली. २०१५ला आकडा ४२ हजारांच्या घरात गेला. भरायची आरडीएसमध्ये, घोड्यांच्या स्पर्धांसाठी नावाजलेली जागा ती. २०१४ला तिथं वाय-फायनं मान टाकली. जगभरचे कॉम्प्युटरवाले बोलवायचे आणि इंटरनेट नाही, म्हणजे हजार पानांची पंगत बसवायची आणि पाण्याचा टँकरच सांगायचा राहिला! संस्थापकांपैकी पॅडी कॉसग्रेव्ह पंतप्रधानांच्या कार्यालयाला ईमेल धाडत राहिले : वाहतुकीचं काहीतरी ठरवा, वाय-फायचं बघा, हॉटेलवाल्यांना आवरा. सप्टेंबर २०१५मध्ये लिस्बन जाहीर झालं आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी तो सगळा पत्रव्यवहार लोकांपुढं टाकला.

आता हॉटेलवाल्यांचं. इथं मला आधी स्वतःचंच सांगावं लागेल.

बेळगावजवळ हलग्याला २०१२ साली सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, उभा राहिला, आणि अधिवेशन आलं की गावातल्या खोल्या भरायला लागल्या. त्या अधिवेशनाबद्दल आपलं सीमाभागातलं मत काय आहे ते तुला वेगळं सांगायला नको. धंदा मात्र धंदा. आमच्या काउंटरमागं दराचा पुठ्ठा टांगलेला असायचा, एका बाजूला ६००, दुसऱ्या बाजूला १५००. डिसेंबर आला की तो मीच उलटा करायचो. कोल्हापूरचे एक व्यापारी दर महिन्याला उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत कामाला यायचे, ठरलेली खोली, सकाळी सहाला गरम पाणी. एका डिसेंबरात ते आले, पुठ्ठ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत. पंधराशे मोजले. सकाळी किल्ली ठेवताना एवढंच म्हणाले, "मॅनेजर, पंखा तोच आहे की हो." नंतर मला बसस्टँडवर दोनदा दिसले. सकाळच्या गाडीनं यायचे, संध्याकाळी परत. जानेवारीत पुठ्ठा सरळ झाला, पण ते काही आले नाहीत.

तेव्हा डब्लिनच्या हॉटेलवाल्यांनी काय केलं असेल ते मला कुणी सांगायला नको.

पैशाचं काय? २०१८ला लिस्बननं २०२८पर्यंतचा करार केला, वर्षाला १ कोटी १० लाख युरो. म्हणून पैसा गौण होता असं कुणी म्हणालं तर मी हसेन. पण जागाही बघ. लिस्बनमध्ये ती भरते पार्क दास नासोंइशमध्ये, म्हणजे १९९८च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या भागात. मोठं बंदिस्त सभागृह, शेजारीच प्रदर्शनाचे हॉल. विमानतळावर मेट्रोत बसलं की तिसरं स्टेशन. डब्लिनच्या विमानतळावर ना मेट्रो, ना रेल्वे. पहिल्याच वर्षी, २०१६ला, तिथं पन्नास हजारांवर लोक गेले. ते आरडीएसमध्ये मावले असते कुठं? म्हणजे वाय-फाय चाललं असतं तरी आज ना उद्या समिट निघालीच असती, असं माझं मत. सरकारनं ईमेलला धड उत्तर दिलं असतं तर एवढं तोंड वाजवून गेली नसती, इतकंच.

आणि समिटच्या आठवड्यात आता लिस्बनमध्येही खोल्यांचे भाव चढतात. पुठ्ठा तिथंही आहे बाबा.

आतेभावाला सांग, परिषद गेली तरी ती भरवणारी कंपनी डब्लिनलाच आहे. शिक्षण संपत आलं असेल तर अर्ज टाकून बघ म्हणावं.