लोकरीच्या दुकानातल्या विणकाम क्लासला बेसिक, मध्यम की अॅडव्हान्स, कुठल्या बॅचला नाव घालावं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरातल्या एका लोकरीच्या दुकानात तीन बॅच चालतात. तुम्हाला एक उलट एक सुलट येतं, आईकडून शिकून एक मफलर पूर्ण केलाय, आणि दुकानदार म्हणतात, "तुम्ही मध्यमला बसा." माझं मत सरळ आहे. बेसिकला बसा, खाली दिलेली चाचणी जमली तरच मध्यमला. मीही इथेच अशा बॅच शिकवलेल्या आहेत, आणि बॅच कशावरून ठरवायच्या यावरून मालकांशी माझे कायम खटके उडायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक दुकानांत वस्तूवरून पायरी ठरते. मफलर म्हणजे बेसिक, टोपी आणि बाळाचा स्वेटर म्हणजे मध्यम, मोठ्या माणसाचा स्वेटर म्हणजे अॅडव्हान्स. ही वाटणी लोकर विकायला सोयीची आहे, कारण मोठ्या स्वेटरला जाड-मध्यम लोकर ४०० ते ५०० ग्रॅम लागते आणि बाळाच्या स्वेटरला १०० ते १५०. शिकायला ती निरुपयोगी आहे. सरळ चौकोनी पाठ, सरळ चौकोनी पोट आणि साध्या बाह्यांचा मोठा स्वेटर करायला चिकाटी लागते, कसब फारसं लागत नाही. उलट बाळाचा एक मोजा घ्या. टाके घालणं, वाढवणं, नाडीसाठी भोकं पाडणं, टाके घटवणं, शिवण, सगळं तळहाताएवढ्या कामात येतं. मग अवघड कोणतं?

खरी पायरी एकाच गोष्टीवरून ठरते. चूक झाली की ती कुठे आणि का झाली हे विणीकडे बघून कळतं का, आणि शिकवणाऱ्या बाईंच्या हातात न देता ती स्वतः दुरुस्त करता येते का?

अॅडव्हान्स बॅचला एक काकू होत्या. घरातल्या सगळ्यांचे स्वेटर त्यांनी विणलेले. वेणीचा स्वेटर शिकायला आल्या आणि साध्या विणीची, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी, पाठ घेऊन आल्या, ती एका बाजूला कललेली. वरची कड खालच्या कडेपेक्षा सरळ सरळ दोन बोटं बाजूला सरकलेली. दुकानात सगळ्यांनी लोकरीला दोष दिला. कुणी सुई बदला म्हणालं, कुणी म्हणालं धुऊन ताणून वाळवा. लोकर चांगली होती, सुईही बरोबर होती. सुईवरचे टाके जवळून पाहिले तर प्रत्येक टाक्याच्या दोन धाग्यांपैकी डावा सुईच्या पुढे होता. तो उजवा असायला हवा.

याचं कारण उलट टाक्यात होतं. उलट टाका घेताना लोकर उजव्या सुईवर वरून खाली यायला हवी. काकू ती खालून वर घेत होत्या. तसं घेणं पटकन होतं, बोटाला सोपं जातं, म्हणून घरी शिकलेल्या पुष्कळ हातांत ही सवय असते. टाका उलटा बसतो. पुढच्या सुलट ओळीत त्याच्या पुढच्या धाग्यात सुई घातली की तो पिळला जातो. सगळ्या सुलट ओळींचे टाके एकाच दिशेला पिळले की कापड कलणारच. नुसत्या सुलट विणीत हे दिसत नाही, कारण तिथे उलट टाकाच नसतो. एक उलट एक सुलटच्या बॉर्डरीत तर पिळलेला टाका उठून दिसतो, लोक "काय दाट बॉर्डर आलीय" म्हणून कौतुक करतात. जाळीत, म्हणजे भोकांच्या नक्षीत, मात्र पितळ उघडं पडतं. दोन टाके एकत्र घेतले की तेही पिळतात आणि नक्षीतल्या पानाची कड स्वच्छ येत नाही.

उपाय दोन. उलट टाक्याला लोकर वरून घ्यायची सवय लावायची, किंवा हात बदलायचा नसेल तर सुलट ओळीत टाक्याच्या मागच्या धाग्यात सुई घालायची. दोन्ही बरोबर. हे बेसिकमध्ये तासाभरात शिकवून होतं. मी काकूंना तेवढ्यापुरतं बेसिकच्या बायकांबरोबर बसा म्हटलं, तर मालक म्हणाले, "इतकी वर्षं विणणाऱ्या बाईंना बेसिकला बसवणं म्हणजे त्यांचा अपमान." काकू स्वतः आनंदाने बसल्या. अपमान होतो तो बाईंनी काम हिसकावून घेऊन दुरुस्त करून परत दिलं तेव्हा. स्वेटर पूर्ण होतो, माणूस होता तिथेच राहतो.

फी भरण्यापूर्वी घरी एवढं करून बघा. ४ मिमीची सुई घ्या, म्हणजे आपल्याकडच्या सुयांवरचा ८ नंबर. यूट्यूबवर अमेरिकन बाई ८ नंबर म्हणाली तर ती ५ मिमीची सुई असते, तिथे फसू नका. फिकट रंगाच्या गुळगुळीत लोकरीचे २४ टाके घाला. १० ओळी एक उलट एक सुलट, १० ओळी साधी वीण (एक ओळ सुलट, एक ओळ उलट). आता टाके मोजा. २६ झाले असतील तर दोन जागा तपासा. बॉर्डरीत उलट-सुलट बदलताना लोकर पुढे-मागे न्यायची राहिली की सुईवर एक वेढा जास्त पडतो. आणि ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे ओढली गेली की पहिल्या टाक्याचे दोन्ही धागे वर येतात, ते दोन टाके समजून विणले जातात. मफलर वर रुंद होत जातो तो बहुधा यामुळेच.

मग मधला एक टाका मुद्दाम सुईवरून सोडा आणि ६ ओळी खाली उसवू द्या. क्रोशाची सुई सुलट बाजूने खालच्या फासात घाला, त्याच्या लगेच वरचा आडवा धागा पकडून फासातून ओढा, मग त्याच्या वरचा. एकही धागा मागे लोंबता राहायला नको. शेवटी टाका सुईवर चढवताना उजवा धागा पुढे. हे बघून-शोधून जमलं तर मध्यमला खुशाल जा. नाही जमलं तर दहा स्वेटर केलेले असले तरी बेसिक.

अॅडव्हान्सला जायचं तर मापाचा हिशोब यायलाच हवा. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके धरून ९० सेंटिमीटर घेरासाठी १९८ टाके घातले आणि तुमच्या हाताला २० च बसत असतील, तर स्वेटर ९९ सेंटिमीटरचा होतो. म्हणून टाके मोजायला आधी नमुन्याचा छोटा चौकोन न विणता मोठं काम सुरू करू देणारा क्लास मला मान्य नाही. जाळी शिकवताना, चुकलं तर तिथपर्यंतच उसवावं लागावं म्हणून दर काही ओळींनी वेगळ्या रंगाचा दोरा टाक्यांतून ओवून ठेवायला सांगत नसतील, तर त्या बॅचचं नाव काहीही असो, ती अॅडव्हान्स नव्हे.

दुकानात जाऊन एवढंच विचारा: "चुकलं तर कोण उसवतं?" बाई उसवून देतात असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. एका बाईंसमोर सहा-आठ जणींपेक्षा जास्त बसत असतील तरीही.

आता राहिलेलं. शिकायला काळी किंवा गडद निळी लोकर घेऊ नका, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली टाका दिसत नाही. इचलकरंजीचं लूमचं सूत स्वस्त पडतं, पण ते बारीक असतं आणि ताणत नाही, नवशिक्या हाताला दुखवतं. कोल्हापूरच्या थंडीला अॅक्रिलिक पुरतं, फक्त त्याला गरम इस्त्री लावायची नाही, वीण चपटी होते ती पुन्हा उठत नाही. लागणारी सगळी लोकर एकदम घ्या आणि प्रत्येक गुंड्याच्या कागदावरचा लॉट नंबर (एकदम रंगवलेल्या लोकरीचा नंबर) जुळवून घ्या. तुम्ही डावखुऱ्या असाल तर वरची उजवी-डावीची दिशा तुमच्या हाताप्रमाणे उलटी धरा, आणि बाईंना ते पहिल्याच दिवशी सांगा. आणि फक्त मफलरच विणायचे असतील, तर क्लासची गरज नाही, आई आहेतच.